ठासणीची बंदूक किटमधून बनवताय? या चुका टाळा

माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, माजघराच्या भिंतीवर ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक, टांगलेली असायची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, डुकरं हाकलायला. लहानपणी तिला हात लावायला मिळाला नाही ती हौस आता पेनसिल्व्हेनियात राहून फिटतेय, कारण इथे ठासणीच्या रायफलीचं किट मिळतं, सगळे सुटे भाग एका खोक्यात, आणि महिनोन्महिने बसून आपण ती आपल्या हाताने बनवायची. जिला लोक केंटकी रायफल म्हणतात ती खरी इथलीच बरं का, १८व्या शतकात लँकेस्टरच्या आसपास वसलेल्या जर्मन कारागिरांनी त्यांच्याकडच्या आखूड, जाडजूड येगर रायफलीला लांब आणि सडपातळ करत करत हे रूप दिलं. मेपलचं लाटा-लाटांचं लाकूड, पितळेचं सामान, चकमकीचं लॉक, म्हणजे दगडाने ठिणगी पाडून बार काढणारी यंत्रणा. इतकी देखणी वस्तू असते की बिघडवली तर खरंच जीव जळतो, आणि बिघडवायच्या जागा भरपूर आहेत.

आधी कायद्याचं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशा ठासणीच्या प्रतिकृतींना बऱ्यापैकी सूट आहे, पण राज्याराज्यात नियम वेगळे, त्यामुळे किट मागवायच्या आधी आपल्या राज्याचं बघा. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीची बंदूकसुद्धा बंदूकच आहे, बाळगायला परवाना लागतो आणि परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे. म्हणजे पुण्यात किंवा चिपळूणला बसून हे वाचून कोणी कामाला लागू नका. खालचं सगळं जिथे हे कायदेशीर आहे तिथल्यांसाठी आहे.

"किट आहे म्हणजे नुसतं जोडायचं"

बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. लोकांना वाटतं फर्निचरसारखं असेल, चार स्क्रू पिळले की झालं. काही किटांमध्ये लाकडात भाग बसवायच्या खाचा जवळजवळ पूर्ण कोरलेल्या असतात हे खरं, पण त्या "जवळजवळ"मध्येच सगळं काम आहे. पहिल्या दिवशी फक्त भाग मोजा, प्रत्येक स्क्रू कुठला ते चिठ्ठी लावून वेगळ्या डबीत ठेवा, आणि स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असा स्क्रूड्रायव्हर घासून तयार करा. घरातला कुठलाही वापरला की खाचेच्या कडा चेपतात आणि मग बंदूक कितीही सुंदर झाली तरी नजर पहिली तिथेच जाते.

अजून एक, नळी काढलेली असताना दस्ता, म्हणजे बंदुकीचं सगळं लाकूड, एका टोकाला धरून उचलायचा नाही. पुढच्या बाजूला नळीच्या शेजारचं लाकूड इतकं पातळ असतं की कडकन मोडतं. दोन्ही हातांनी, मध्ये आधार देऊन.

काजळी वापरा, अंदाज नको

लोखंड लाकडात बसवताना कुठे अडतंय ते डोळ्याला दिसत नाही. मग माणूस काय करतो, पटाशी घेतो आणि जिथे वाटतं तिथे तासतो, आणि भाग बसतो खरा पण चारी बाजूंनी फट राहते. तासलेलं लाकूड परत येत नाही. यासाठी इथे तयार काळा रंग मिळतो, काही जण लिपस्टिक लावतात, मी मात्र देवघरातलं निरांजन वापरतो. तेलाची वात जरा मोठी करायची म्हणजे ज्योत धूर सोडते, त्या धुरावरून लोखंडाचा तुकडा भरभर फिरवायचा, तापू द्यायचा नाही, नुसती काजळी धरली पाहिजे. मग तो खाचेत सरळ ठेवून लाकडी हातोडीने हलकेच टकटक करायचं, सरळच वर काढायचा आणि खाचेत बघायचं. जिथे काळा ठिपका आला तेवढंच लाकूड अडतंय. तेवढंच खरवडायचं, कागदाइतकं पातळ. परत काजळी, परत टकटक. एका लॉकसाठी हे मी चाळीसेक वेळा केलं असेन, दोन संध्याकाळी गेल्या, पण शेवटी लॉक असं बसलं की कडेला नख जाईना.

एक जागा अशी आहे जिथे घट्ट बसवणं हीच चूक आहे. नळीच्या मागे जी लोखंडी शेपटी दस्त्याच्या मनगटावर, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागावर येते, टँग म्हणतात तिला, तिच्या अगदी मागच्या टोकाला लाकूड चिकटून असेल तर बार काढल्यावर धक्का त्या टोकावर येतो आणि ते टोक पाचरीसारखं मनगट फाडतं. धक्का घ्यायचा तो नळीच्या मागच्या जाड भागाने, तिथे पूर्ण टेकलं पाहिजे, आणि टँगच्या टोकामागे केसाएवढी जागा सोडायची. तसंच नळीच्या खालच्या लग्जमधली, म्हणजे नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या छोट्या लोखंडी कानांमधली भोकं, ज्यातून आडव्या पिना जातात, ती लांबीच्या दिशेने जराशी लांबट करा. लाकूड हवेप्रमाणे हलतं, लोखंड नाही. भोक गोलच ठेवलं तर पावसाळी हवेत पिना अडकतात नाहीतर लाकूड चिरतं.

नळीच्या मागचा बूच, ब्रीच प्लग, तो मात्र उघडायच्या फंदात पडू नका. बनवणाऱ्याने बसवून दिलाय तसाच राहू दे.

हातात चालतं, लाकडात चालत नाही

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. लॉक हातात धरून घोडा ओढला की टकाटक चालतं, दस्त्यात बसवून बोल्ट आवळला की एकतर घोडा अर्ध्या खाचेत, म्हणजे अर्धवट ओढून अडकवायच्या सुरक्षित जागी, थांबतच नाही नाहीतर पुरता ओढूनही निसटतो. लोक लगेच लॉकच्या आतले भाग घासायला घेतात, तेच करू नका, लॉकची जवळजवळ कधीच चूक नसते. पहिलं काम म्हणजे ट्रिगर काढून ठेवा आणि नुसतं लॉक आवळून बघा. आता नीट चाललं तर गुन्हेगार ट्रिगर आहे, त्याची वरची पट्टी सिअरला, म्हणजे घोडा खाचेत अडवून धरणाऱ्या लॉकमधल्या भागाला, आधीच उचलून धरतेय, त्यामुळे सिअर खाचेत पूर्ण पडत नाही. ट्रिगरच्या पट्टीची वरची कड कानशीने दोन-तीन हात घासायची, बसवून बघायचं, परत दोन हात. ट्रिगर किंचित सैल हलला पाहिजे, सिअरला टेकून राहता कामा नये.

ट्रिगर नसतानाही अडत असेल तर आतला एखादा भाग लाकडाला घासतोय. परत काजळी! लॉकच्या आतल्या बाजूला काजळी धरा, बसवा, घोडा दोनदा हळू ओढून हळूच खाली सोडा, काढा. मोठी स्प्रिंग किंवा सिअरचा दांडा कुठे घासतोय ते लाकडावर छापून आलेलं असतं. आणि बोल्ट जीव काढून आवळू नका, लॉक त्यानेही पिळवटतं.

इथे घाई अजिबात चालणार नाही कारण हा जीवाचा प्रश्न आहे. घोडा अर्ध्या खाचेत असताना ट्रिगर कितीही दाबला तरी सुटता कामा नये. सुटत असेल तर ती बंदूक दारू भरायच्या लायकीची झालेली नाही, मग बाकी फिनिश कितीही चकाकत असू दे.

लॉकची अजून एक गोष्ट, रंजकाची, म्हणजे ठिणगीने आधी पेटणाऱ्या चिमूटभर बारीक दारूची, वाटी नळीच्या बाजूला अगदी टेकली पाहिजे. मागे टॉर्च धरून बघा, उजेड दिसला तर फट आहे, रंजक त्या फटीतून आत लाकडात जाणार आणि तिथेच गंज धरणार. कानाचं छिद्र, टचहोल, ज्यातून रंजकाची आग नळीत जाते, ते स्वतः पाडायचं असेल तर वाटीच्या वरच्या कडेच्या रेषेत, आणि ब्रीच प्लगच्या तोंडाच्या पुढे. १/१६ इंचाने सुरुवात करा. खाली पाडलं तर छिद्र रंजकाखाली गाडलं जातं, रंजक आधी वातीसारखं जळत आत जातं आणि बार उशिरा होतो, फुस्स... मग ठो.

जाडजूड राहिलेली बंदूक

ही चूक सुरक्षेची नाही, पण मला सगळ्यात जास्त टोचते. किटमध्ये लाकूड मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, आणि नवखा माणूस भीतीपोटी ते काढतच नाही. लॉकच्या भोवतीची सपाट जागा रुंद, पुढचा भाग गोल लाटण्यासारखा, मनगट जाड. जुन्या लँकेस्टर रायफली म्युझियममध्ये बघा, किती बारीक आहेत त्या! नळीच्या बाजूचं लाकूड इतकं पातळ की नळीला नुसतं कवेत घेतलंय असं वाटतं. तेव्हा कानस आणि रंधा चालवा, दर अर्ध्या तासाने लांब उभं राहून बघा, सावलीत बघा. गजाची, म्हणजे गोळी ठासायच्या काठीची, नाळ लाकडात कुठून जाते ते आधी पेन्सिलीने आखून ठेवा म्हणजे तासताना अचानक भोक पडणार नाही.

मेपलमध्ये स्क्रू घालताना आधी योग्य मापाचं भोक पाडा आणि स्क्रूला मेण किंवा साबण लावा. कोरडा स्क्रू मेपलमध्ये तुटतो आणि मग तो उकरून काढायला अर्धा दिवस जातो.

पॉलिश पेपर नेहमी लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की कडा गोल होतात आणि पितळेच्या शेजारचं मऊ लाकूड खोल जातं. पितळ आणि लाकूड एकत्र घासलं तर धातूची काळी भुकटी लाकडाच्या छिद्रांत बसते, म्हणून शेवटचे हात वेगवेगळे मारा. स्टील वूल तर मेपलवर नकोच, त्याचे बारीक तुकडे अडकतात आणि पुढच्या ॲसिडच्या रंगाने काळे ठिपके पडतात. २२० नंबरपर्यंत पुरे, त्यापुढे लाकूड घोटून इतकं गुळगुळीत होतं की रंग पीत नाही. ओल्या फडक्याने पुसून रेषे उभे करा, वाळल्यावर हलकेच कापा, असं दोन-तीनदा. हे टाळलं तर पहिल्याच दमट दिवशी दस्ता दाढी वाढल्यासारखा खरखरीत होतो.

हिरवट रंग बघून घाबरू नका

मेपलचा तो जुना लालसर तपकिरी रंग डब्यातल्या स्टेनने येत नाही. त्यासाठी फेरिक नायट्रेट पाण्यात विरघळवून लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग हीट गनने तापवायचं. वाळल्यावर लाकूड हिरवट-राखाडी, अगदी शेवाळलेलं दिसतं आणि नेमकं तेव्हाच लोक घाबरून दुसरा कोट मारतात. थांबा. गरम हवा फिरवली की डोळ्यासमोर तो हिरवटपणा जाऊन तांबूस रंग उमटतो आणि लाटा जाग्या होतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून ओढून आणलं होतं. हातमोजे घाला, उघड्यावर करा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायला विसरू नका, नाहीतर आतलं ॲसिड काम करत राहतं आणि रंग हळूहळू काळपट होत जातो. आणि आधी किटमधल्या टाकाऊ तुकड्यावर करून बघा. अक्रोडाचं लाकूड असेल तर हे काही करू नका, त्याला नुसतं तेल पुरतं.

तेल म्हणजे डबल बॉइल्ड जवस तेल किंवा तयार गनस्टॉक ऑइल. इथली चूक एकच, जाड थर. जाड थर वाळत नाही, चिकट राहतो. तळव्याला चार थेंब, चोळून चोळून गरम होईपर्यंत, दहा मिनिटांनी उरलेलं पुसून टाका, एक-दोन दिवस थांबा. आणि तेलाची फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

नळीचा गंज, हवा तेवढाच

ब्राउनिंग म्हणजे मुद्दाम आणलेला बारीक गंज. आधी नळीच्या पैलूंवरचे मशीनचे ओरखडे लांब कानशीने लांबीच्या दिशेने ओढून काढा, गंज काही लपवत नाही. ॲसिटोनने पुसल्यावर उघडा हात लागला तर बोटाचा ठसा तसाच उमटतो. तोंडाला आणि कानाच्या छिद्राला बूच घट्ट लावा, नाहीतर गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या आट्या गंजतील, आणि आतला गंज काढणं फार अवघड. ब्राउनिंगचं द्रावण एकाच दिशेने एकच हात, परत मागे घासायचं नाही. मग दमट जागा हवी, मी बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली ठेवून दार लावतो, कोकणातल्या जुलैसारखी हवा झाली की काम फक्कड होतं. काही तासांनी मऊ गंज खरखरीत कापडाने पुसायचा, परत द्रावण. रंग एकसारखा झाला की सोड्याच्या गरम पाण्याने थांबवा, गरम असतानाच तेल लावा. हे थांबवणं विसरलात तर गंज पितळेच्या कडेखाली चालतच राहतो.

पहिल्या बाराआधी

दारू फक्त ब्लॅक पावडर किंवा तिच्याच जागी चालणारी, ठासणीसाठी बनवलेली. आधुनिक स्मोकलेस पावडर चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते. जाणत्या माणसाकडून बंदूक तपासून घ्या, आणि पहिले बार टेबलावर बांधून, दोरीने ट्रिगर ओढून, लांबून काढा. गज रिकाम्या नळीत घालून तोंडाशी खूण करून ठेवा म्हणजे भरलेली की रिकामी हे कायम कळेल.

ठिणग्या पडत नसतील तर आधी चकमकीचा दगड कातड्यात घट्ट आहे का आणि फ्रिझनच्या, म्हणजे दगड ज्यावर आपटून ठिणग्या पडतात त्या पोलादी पट्टीच्या, वरच्या भागात लागतोय का ते बघा. फ्रिझनवर खोल चरे पडून ठिणगी मात्र नाही, तर ते मऊ राहिलंय, पाणी द्यायला, म्हणजे कडक करून घ्यायला, कारागिराकडेच पाठवा. आणि पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, किटमध्ये मुद्दाम उंच दिलेली असते, त्यामुळे पहिल्या गोळ्या खाली लागणारच. बाकी सगळं ठरेपर्यंत, म्हणजे दारूचं माप, गोळीभोवती गुंडाळायचं कापड, दगड, माशीला हात लावू नका. मग एकेक हात कानस, तीन गोळ्या, परत एक हात.