मोबाईल घेताय? आधी उन्हात उभे राहा
जळगावच्या गोलाणी मार्केटला फोन बघायला जाल तर भर दुपारी जा, आणि दुकानदाराला विचारून डेमोचा फोन बाहेर उन्हात न्या. ट्यूबलाइटखाली प्रत्येकच स्क्रीन झकास दिसते. केळीच्या बागेत उभं राहून भावाचा मेसेज वाचता आला पाहिजे. त्याला मेगापिक्सल नाही, निट्स (स्क्रीन किती उजळ आहे याचं माप) लागतात. 1000 च्या आसपास असले तर डोळे बारीक करावे लागत नाहीत.

वजनही बघाच. 200 ग्रॅमच्या पुढचा फोन शर्टाच्या खिशात लोंबतो, वाकलं की थेट पाटात.

मे महिन्यात इकडे पारा 45 ला टेकतो, आणि अनेक कंपन्या 35 अंशांपर्यंतच वापरा म्हणतात. म्हणून चार्जिंग सकाळी लवकर, सावलीत, कव्हर काढून करा.