अनोळखी मृतदेहाची ओळख शोधताय? या चुका टाळा

"अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४० वर्षे, उंची ५ फूट ४ इंच, रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा लांबट, अंगात आकाशी रंगाचा फुल बाह्यांचा शर्ट."

अशी नोंद पहिल्यांदा वाचली की हात आपोआप बेपत्तांच्या यादीकडे जातो. अर्ध्या तासात दोन-तीन फोटो जुळल्यासारखे वाटतात आणि त्या रात्री झोप लागत नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह या दोन्ही याद्या कोणालाही पाहता येतात. आम्ही चौघं नागपूरकर गेली काही वर्षं जुन्या, थंड पडलेल्या नोंदी घेऊन त्या एकमेकींशी लावून बघतो. आमच्यातलं कोणीही पोलीस नाही की डॉक्टर नाही. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका आमच्या हातून झाल्या आहेत, आणि त्यातल्या एका चुकीची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली.

"अंदाजे" हा शब्द गाळून वाचणे

वर्णन लिहिणारा कर्मचारी पंचनाम्याच्या वेळी समोर जे दिसतं ते लिहितो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात दोन दिवस पडलेल्या देहाचा चेहरा सुजतो, काळा पडतो, त्वचा सुटायला लागते. मुळात गोरा आणि किरकोळ असलेला माणूस नोंदीत "रंग काळा, बांधा मजबूत" होऊन बसतो. पाण्यातून काढलेल्या देहाचंही तसंच. न्यायवैद्यकात एक जुना ठोकताळा आहे. उघड्यावर एका आठवड्यात देह जितका कुजतो, तितकं कुजायला पाण्यात दोन आठवडे आणि जमिनीखाली आठ आठवडे लागतात. ठोकताळाच तो, पण "मृत्यू ४ ते ५ दिवसांपूर्वी" या ओळीवर आंधळेपणाने तारखा कापत जाऊ नये, एवढं त्यावरून नक्की समजतं.

वयाचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९६८ साली कॅनव्हासमध्ये गुंडाळलेला एका तरुणीचा मृतदेह सापडला. 'टेंट गर्ल' म्हणून ती ओळखली गेली. वय १६ ते १९ असं नोंदलं गेलं आणि सगळे किशोरवयीन बेपत्ता मुली शोधत राहिले. टॉड मॅथ्यूज नावाच्या कारखान्यातल्या एका कामगाराने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९९८ मध्ये ओळख पटली. ती मुलगी नव्हती, २४ वर्षांची विवाहित स्त्री होती. तीस वर्षं चुकीच्या वयाच्या चौकटीत शोध चालला होता.

म्हणून आम्ही आता वयाला दोन्ही बाजूंनी दहा वर्षं सोडतो आणि उंचीला दोन-अडीच इंच. रंग आणि बांधा यांवरून कोणालाही बाद करत नाही. यादी लांबते, काम कंटाळवाणं होतं, पण पर्याय नाही. मोडून जुळलेलं हाड, शस्त्रक्रियेचा व्रण, नसलेलं बोट, दातांची ठेवण, गोंदण, या खुणांवर मात्र तासनतास घालवा. गोंदणात नाव असेल तर लिपी पाहा. तेलुगूतलं किंवा देवनागरी हिंदीतलं नाव पुढची दिशाच बदलून टाकतं.

फक्त नागपूरच्याच यादीत शोधणे

दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मुख्य रेल्वेमार्ग नागपूरला एकमेकांना भेटतात. इथे उतरलेला माणूस पंजाबचा असू शकतो, ओडिशाचा असू शकतो, तमिळनाडूचाही. रस्त्याने गेलं तर मध्य प्रदेशातले शिवनी, छिंदवाडा, बालाघाट काही तासांवर. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर परप्रांतातून आलेले मजूर असतात आणि त्यांच्या घरच्यांनी तक्रार दिलीच तर ती त्यांच्या गावच्या ठाण्यात दिलेली असते.

शिवाय नागपुरातच तीन वेगळी दप्तरं आहेत. शहर पोलीस आयुक्तालय वेगळं, नागपूर ग्रामीण वेगळं आणि रेल्वे हद्दीसाठी लोहमार्ग पोलीस वेगळे. रुळांजवळ सापडलेला देह शहराच्या यादीत नाही म्हणून तुम्ही नोंदच नाही असं समजता, आणि ती लोहमार्गच्या दप्तरात पडून असते. उत्तरेकडच्या राज्यांतल्या पोलिसांची अशा नोंदींसाठी झिपनेट नावाची वेगळी ऑनलाइन व्यवस्था आहे, तीही बघावी.

तारखेचीही एक गोम आहे. बेपत्ताच्या नोंदीतली तारीख बहुधा तक्रारीची असते. घरचे आठ-दहा दिवस नातेवाइकांकडे शोधतात, देवळं-दर्गे पालथे घालतात आणि मग ठाण्यात जातात. त्यामुळे मृतदेह सापडला ५ तारखेला आणि "मिसिंग" नोंदली १२ तारखेला, म्हणून तो माणूस बाद, असं होत नाही. आम्ही एक चांगली जुळणी याच कारणाने वर्षभर बाजूला टाकून ठेवली होती.

कपड्यांवर जास्त विसंबणे

शर्टाच्या कॉलरला आतून शिवलेलं टेलरचं लेबल म्हणजे तपासातला हुकमी दुवा, असं आपण ऐकत आलो आहोत. खरंही आहे ते. पण आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घेतात. तेच कपडे धुऊन, इस्त्री करून आठवडी बाजारात विकले जातात. मालक कामगाराला आपला शर्ट देतो. लेबल शर्टाचा पहिला मालक सांगतं, शेवटचा नाही. लेबलावर गाव मिळालं तर तपासा जरूर, पण मृत व्यक्ती त्याच गावची असं गृहीत धरून बाकीचा नकाशा घडी घालून ठेवू नका.

घरच्यांना फोन करणे

ही चूक सगळ्यात मोठी, म्हणून सविस्तर सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वीची एक मर्ग नोंद आम्ही हातात घेतली होती. (इतर ठिकाणी "अकस्मात मृत्यू" म्हणतात, आपल्याकडे विदर्भात "मर्ग".) नोंदीत होतं, "डाव्या हाताच्या करंगळीचे पेर नाही." भंडारा जिल्ह्यातल्या एका बेपत्ता तरुणाच्या नोंदीत होतं, "हाताचे बोट तुटलेले." वय जुळत होतं, उंची जुळत होती, महिना जुळत होता. बेपत्ताच्या जाहिरातीत घरच्यांचा नंबर होता. आमच्यातल्या एकाने फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो आणि त्याला थांबवलं नाही.

"काकू, नागपूरवरून बोलतोय," एवढंच तो म्हणाला, तर पलीकडून, "सापडला का जी माहा पोरगा?"

त्याने विचारलं, "त्याची डाव्या हाताची करंगळी तुटलेली होती ना?" त्या म्हणाल्या, "हो जी, बोट तुटलं होतं त्याचं." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या लेखी ओळख पटली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्या आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली मुलाची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणि दोन फोटो बरोबर होते. ठाण्यात जुन्या फाइलमधला हाताचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो जेमतेम पाहिला आणि आपला उजवा हात वर केला. "या हाताचं. हे पहिलं बोट. थ्रेशरमध्ये गेलं होतं." मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. एका रात्रीत त्यांनी मुलगा गमावला होता आणि आता पुन्हा तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

एका फोनमध्ये दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे फोनच करायला नको होता. ही बातमी द्यायचा अधिकार तपास अधिकाऱ्याचा आहे, आणि तोही त्या गावच्या ठाण्यामार्फत, कोणीतरी समोर बसून. दुसरी चूक, प्रश्नातच उत्तर घातलं. "डावी करंगळी ना?" असं विचारलं की वाट पाहून थकलेली आई हो म्हणते. खोटं बोलायचं नसतं तिला, तिला फक्त शेवट हवा असतो. विचारायचंच झालं तर "अंगावर काय खुणा होत्या?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. तेही पोलिसांनी.

त्या दिवसानंतर आम्ही पद्धत बदलली. प्रत्येक जुळणीसाठी कागदाचे दोन भाग करतो आणि "काय जुळत नाही" हा भाग आधी भरतो. तो भरायला जितका वेळ लागेल तितका लावायचा. तिथे एक जरी पक्की विसंगती निघाली, जसं नोंदीत अपेंडिक्सचा व्रण आणि बेपत्ता माणसाचं ऑपरेशन कधी झालंच नाही, तर कितीही मन अडकलं असलं तरी ते नाव खोडायचं.

फोटो पसरवणे, एआयने चेहरा "दुरुस्त" करणे

दिल्ली पोलिसांनी २०२४ मध्ये एआय वापरून एका मृताचा चेहरा जिवंत दिसेल असा करून पोस्टर लावली आणि ओळख पटली. ते वाचून आपल्याकडेही मोबाइलवर हे प्रयोग सुरू झाले. त्यांच्याकडे मूळ, स्पष्ट फोटो होते आणि आलेलं प्रत्येक उत्तर तपासायची यंत्रणा होती. आपल्याकडे असतो पोर्टलवरचा धूसर फोटो. ॲप त्यात नाक, डोळे, ओठ स्वतःच्या मनाने भरतं, आणि मग आपण त्या बनवलेल्या चेहऱ्याशी बेपत्तांचे फोटो जुळवतो. हे करू नका. मूळ फोटोत जे दिसत नाही ते "दिसत नाही" असंच लिहा.

मृतदेहाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवणं तर पूर्ण बंद करा. खुनाच्या प्रकरणात काही तपशील पोलीस मुद्दाम बाहेर देत नाहीत, कारण ते फक्त आरोपीलाच माहीत असतात. ते तुमच्या फॉरवर्डमधून गेले की कबुलीजबाबाची किंमत शून्य. आणि लैंगिक अत्याचाराचा गुन्हा असेल तर पीडितेची ओळख जाहीर करणं हाच गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. पीडिता हयात नसली तरी हे संरक्षण संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे ज्या नावासाठी तुम्ही वर्षभर झटलात, ते सापडल्यावर तुम्हालाच उच्चारता येणार नाही, अशी वेळ येऊ शकते. ते आधीच मनाशी पक्कं करून या कामात उतरा.

"आधारवरून का नाही शोधत?"

हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि त्याला कारणही नागपूरचंच आहे. २०२१ मध्ये इथल्या मानकापूरच्या आधार केंद्रात एका तरुणाची नोंदणी वारंवार नाकारली जात होती. त्याचे ठसे आधीच जबलपूरमध्ये नोंदलेले निघाले आणि दहा वर्षांपूर्वी हरवलेला तो मुलगा आईवडिलांना परत मिळाला. सगळ्यांना वाटलं, मृतदेहाचंही असंच करता येईल. तसं नाही. तो जिवंत होता, स्वतः नोंदणीला गेला होता. आधारचे मूळ बायोमेट्रिक कोणालाही द्यायला कायद्याने मनाई आहे, पोलिसांनाही. पोलिसांच्या हातात आहे ती गुन्हे नोंदीतल्या ठशांची व्यवस्था. राज्याची ॲम्बिस आणि २०२२ पासून देशपातळीवरची नाफिस. ज्याचे ठसे कधी पोलिसांत गेलेच नाहीत तो तिथे सापडणार नाही.

डीएनएचंही तेच. परदेशात दूरच्या चुलतभावंडांच्या डीएनएवरून जुनी प्रकरणं सुटतात, कारण तिथे लाखो लोकांनी हौसेने आपले नमुने दिलेले आहेत. आपल्याकडे तसा साठा नाही. डीएनए बँकेची तरतूद असलेलं विधेयकही २०२३ मध्ये लोकसभेतून मागे घेतलं गेलं. इथे डीएनए लागतो तो शेवटच्या पायरीला. संभाव्य आई, वडील किंवा अपत्याचा नमुना राखून ठेवलेल्या दाताशी किंवा हाडाशी ताडून बघायला. म्हणून पोलिसांना आधी एक ठोस नाव हवं असतं, आणि आपला उपयोग तिथेच आहे.

माहिती देऊनही काही होत नाही, तेव्हा

बहुतेक वेळा अर्जातच गडबड असते. "अमुक तळ्याजवळची बॉडी आणि तमुक मुलगा एकच वाटतो" असं लिहिलं तर जुनी फाइल कोण कुठून शोधणार? मर्ग क्रमांक, वर्ष, ठाणं, देह सापडल्याची तारीख हे सगळ्यात वर लिहा. बेपत्ता नोंदीचा क्रमांक आणि ठाणं त्याखाली. मग जुळणारे मुद्दे, मग न जुळणारे. सगळं एका पानात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

मर्ग क्रमांक सांगूनही फाइल मिळत नसेल तर ते प्रकरण पुढे खुनात वर्ग झालं का विचारा. तसं झालं की त्याला अपराध क्रमांक मिळतो आणि ते दुसऱ्या रजिस्टरला जातं. हद्द बदलून दुसऱ्या ठाण्याकडे गेलेलं असू शकतं. नवी ठाणी झाली तेव्हा अशा कितीतरी फाइली हलल्या. माहिती अधिकारात अर्ज करून फारसं हाती लागत नाही, कारण तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारता येते. त्यापेक्षा महिना-दीड महिन्याने त्याच पोचेची प्रत घेऊन पुन्हा जा. अधिकारी बदललेला असेल तर न चिडता पहिल्यापासून सांगा.

"ही व्यक्ती नाही" असं उत्तर आलं तर तेही तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी दुसरं कोणीतरी त्याच आईच्या दारात जाणार नाही. आणि उत्तर "हो" आलं, तर सगळ्यात आधी आपल्या फोनमधले, लॅपटॉपमधले त्या देहाचे फोटो डिलीट करा. ग्रुपमधल्या प्रत्येकाला करायला लावा. आता तो कोणाचा तरी भाऊ आहे, त्याला नाव आहे, आणि ते फोटो आपल्याकडे असायचं काही कारण उरलेलं नाही.