चांगलं शिकवणं कागदावर कसं आणायचं? गोव्यातल्या नव्या प्राध्यापकांसाठी

नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झाली, मुलाखत झाली, कॉलेजात रुजू झालात, की पहिल्या महिन्यातच कोणीतरी सिनियर स्टाफरूममध्ये बाजूला घेऊन सांगतो, "शिकवणं काय, होत राहील. तू आधी रिसर्च पेपर काढ." सल्ला खोटा नाही. पण नुसता तेवढाच ऐकलात तर अर्धी नोकरी हातची जाते. मी गोव्यात अर्थशास्त्र शिकवते. मधली काही वर्षं आमच्या कॉलेजच्या आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम माझ्याकडे होतं, त्यामुळे सहकाऱ्यांचे सेल्फ अप्रेझलचे फॉर्म बारकाईने वाचायची वेळ आली. शिकवणं कुठे दिसतं आणि कुठे हरवतं, ते तिथे कळलं.

आधी नियम समजून घ्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत 'कॅस'साठी, म्हणजे बढतीसाठी, शिकवण्याचं मूल्यमापन एका साध्या भागाकारावर आहे: नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले. ८० टक्के किंवा जास्त असतील तर 'गुड', ७० ते ८० मध्ये 'सॅटिस्फॅक्टरी', त्याखाली नापास. तासात काय झालं, याला रकाना नाही. जुन्या पिवळ्या नोट्स वाचून दाखवणारा आणि वर्ग पेटवणारा, दोघेही 'गुड'. उलट संशोधनाचं तपशीलवार कोष्टक आहे: विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला ८ गुण, कला-वाणिज्यकडे १०. जे मोजलं जातं त्याच्यामागे माणूस धावणार, यात नवल नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात नावीन्यपूर्ण अध्यापनाचा उल्लेख उल्लेखनीय योगदानांच्या यादीत केला होता. निदान शब्द तरी आला म्हणायचं. पण नावीन्य म्हणजे काय ते कोण ठरवणार, हा प्रश्न उरतोच.

चांगलं शिकवणं म्हणजे काय, हे मला नियमावलीतून नव्हे तर एका सहकारी मॅडमच्या तासाला मागच्या बाकावर बसून उमगलं. जुलैचे दिवस, बाहेर धो धो पाऊस, विषय मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. व्याख्या तिने फळ्यावर लिहिलीच नाही. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद, एवढं लिहिलं आणि विचारलं, "काल घरी काय शिजलं?" सत्तरी तालुक्यातला एक मुलगा म्हणाला, सुके बांगडे. वास्कोची मुलगी म्हणाली, चिकन. मागून एकजण कोकणीत, "नुस्तें म्हारग जालें म्हूण कोण खावप सोडटा?" म्हणजे मासे महागले म्हणून खायचं कोण सोडतो? वर्ग हसला. तिने ते उत्तर इंग्रजीत फळ्यावर नेलं: मासळीची मागणी फारशी लवचीक नाही. मग लगेच, "आणि एकट्या बांगड्याची?" दोन मिनिटं कुजबुज. बांगडा महागला तर माणूस तारल्याकडे वळेल, सुक्याकडे वळेल. म्हणजे वस्तू जितकी नेमकी, पर्याय तितके जास्त, लवचिकता तितकी जास्त. हे मुलांनी काढलं, तिने नाही. आणि शेवटी खरा तिढा टाकला: श्रावणात भाव तसाच राहिला तरी मागणी घटते, मग ही लवचिकता का? पेडण्याच्या एका मुलीने जरा घाबरतच सांगितलं की नाही, इथे मागणीची अख्खी रेषाच डावीकडे सरकली. पहिल्या वर्षाची मुलगी. हा फरक एमएच्या मुलाखतीत अडखळणारे मी पाहिलेत.

यातली एक गोष्ट बाहेरच्याला चटकन कळणार नाही. आपल्याकडे पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. कॉलेजात पेपर इंग्रजीत लिहायचा, पण विचार अजून घरच्या भाषेत चालतो. ती मॅडम उत्तर कुठल्याही भाषेत घेत होती आणि फळ्यावर मात्र परीक्षेची भाषा उतरवत होती. हे कसब आहे. कुठल्याही फीडबॅक फॉर्ममध्ये त्याच्याबद्दल प्रश्न नसतो.

फीडबॅकबद्दल थोडं. सेमिस्टरच्या शेवटी मुलं पाचपैकी गुण देतात. ते आकडे पाहा, पण जिवाला लावून घेऊ नका आणि डोक्यावरही चढवून घेऊ नका. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वर्गात मुलांना स्वतः गणितं सोडवायला लावली, तिथे ती जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. तेव्हा पहिल्या वर्षी मुलांना कामाला लावलंत आणि गुण घसरले, तर त्यात तुमचं काही चुकलंच असेल असं नाही. फॉर्मच्या शेवटी लिहिलेल्या एक-दोन ओळी मात्र जपून ठेवा. 'सर छान आहेत' याला किंमत नाही. 'ग्राफ आता स्वतः काढता येतो' याला आहे.

आणि सेमिस्टर संपायची वाट कशाला पाहायची? चौथ्या-पाचव्या आठवड्यात अर्ध्या कागदावर, नाव न घालता, दोनच प्रश्न: काय कळलं नाही, आणि कुठल्या तासाला कळलं. पुढच्या तासाला त्यातलं काय बदलणार ते वर्गाला सांगा. मुलं दुसऱ्या खेपेला खरं लिहितात.

पुरावा साठवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. फोटो आणि सर्टिफिकेटं नकोत, त्यांनी फायली फुगतात आणि दुसरं काही होत नाही. ठेवायचं ते असं: आयएसएचा, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेचा, जुना प्रश्न आणि तुम्ही बदललेला प्रश्न शेजारी शेजारी, बदल का केला याची चार वाक्यं, आणि एकाच मुलाची सुरुवातीची आणि शेवटची उत्तरपत्रिका, नाव झाकून. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांच्या पद्धतीत दुसरा निकष अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाचाच होता. नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की सगळी धावाधाव सुरू होते, तेव्हा अशी फाइल असलेला माणूस शांत असतो.

पुरस्कारांविषयी माझं मत फारसं अनुकूल नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार २०२३ पासून उच्च शिक्षणातल्या शिक्षकांनाही मिळू लागले, ही चांगलीच गोष्ट. पण कॉलेजच्या पातळीवर ५ सप्टेंबरला शाल-श्रीफळ दिलं की उरलेलं वर्ष कोणी कोणाला विचारत नाही, आणि पाळीपाळीने सगळ्यांना मिळालं की त्याची गंमतही जाते. शिवाय लेक्चर बेसिसवरच्यांना त्यात बहुतेक वेळा धरतच नाहीत. तासाप्रमाणे पैसे घेणारी, बसने दोन कॉलेजं करणारी ही मंडळी पहिल्या वर्षाचे मोठमोठे वर्ग सांभाळतात. तुम्ही कायम झालेले असाल तर त्यांच्यापैकी एखाद्याच्या तासाला बसा आणि जे पाहिलंत ते दोन परिच्छेदांत लिहून, सही करून त्यांच्या हातात द्या. पुढच्या मुलाखतीत तो कागद त्यांना उपयोगी पडतो. तुम्हीच लेक्चर बेसिसवर असाल तर संकोच न करता मागा.

लिहिताना 'उत्तम अध्यापन कौशल्य' वगैरे नको. कोणता प्रश्न विचारला, किती मुलं बोलली, चुकीच्या उत्तराचं पुढे काय केलं, एवढंच लिहा. आणि ज्याच्या तासाला जाल त्याला आधी सांगून जा. अचानक दारात उभं राहिलं तर ती तपासणी होते. बसायला येणारा शक्यतो तुमच्याच विषयाचा असावा, पण तुमचा कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट लिहिणारा नसावा.

जूनमध्ये टाइमटेबल लागायच्या आधीच विभागप्रमुखांना भेटा आणि आठवड्यातला एक रिकामा तास दुसऱ्याच्या वर्गात बसण्यासाठी मोकळा ठेवून मागा. एकदा टाइमटेबल नोटीस बोर्डावर लागलं की तो तास बदली तासिकेत जातो.