आईविना वाढणारं मांजराचं पिल्लू अंग चाटत नाही? या चुका टाळा

कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कापसाचा ढीग लागला की मांजरीला व्यायला त्याहून ऊबदार जागा लागत नाही. नाहीतर पऱ्हाट्यांच्या ढिगात कुठेतरी ती पिल्लं घालते. मग कधी ती गाडीखाली येते, कधी कुत्री तिला गाठतात, आणि पिल्लं मागे राहतात. जळगाव-धुळ्याकडे अशी पिल्लं उचलून जगवणारी घरं पुष्कळ आहेत. पण महिना होत आला की तक्रार ठरलेली: हनुवटीला दुधाची खपली, शेपटीखाली घाण चिकटलेली, आणि पिल्लू स्वतःला चाटतच नाही. आई नाही तर शिकवणार कोण?

शिकवावं फारसं लागत नाही. चाटणं उपजतच येतं, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतं आणि सहा-आठ आठवड्यांत चांगलं जमतं. तोवर आईचं काम आपण करायचं. ते करताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवायची: पिल्लाच्या अंगाला जे लागेल ते त्याच्या पोटात जाणार. मांजराच्या जिभेवरचे बारीक काटे घशाच्या दिशेनं वळलेले असतात, त्यामुळे तोंडात आलेला केस किंवा धागा त्याला सहज थुंकून टाकता येत नाही. पुढच्या बऱ्याचशा चुका यातूनच होतात.

घाण दिसली की अंघोळ घालणं

सगळ्यात घातक चूक हीच. चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला अंगातली ऊब स्वतः धरून ठेवता येत नाही. जन्मल्यावर त्याचं वजन जेमतेम शंभर ग्रॅम असतं. असा जीव भिजला की थोड्या वेळात गार पडतो. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आणि तशा अवस्थेत पाजलं तर ते दगावू शकतं. आधी ऊब, मग दूध, हा क्रम कधीही मोडायचा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, म्हणून गार पाण्यानं बरं वाटेल असं समजू नका. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात ठेवलेलं ओलं पिल्लूसुद्धा गारठतं.

आई पिल्लाला धूत नाही, पुसते. जुन्या मऊ सुती साडीचा किंवा धोतराचा हातभर तुकडा कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा. तोंडापासून सुरुवात करा: हनुवटी, गाल, कानामागे, मग मान, पाठ, पोट. केसांच्या दिशेनं, बोटभर लांबीचे छोटे फटकारे, थोडा दाब देऊन. आईच्या जिभेचा दाब चांगलाच असतो, नुसतं कुरवाळून भागत नाही. शेवटी कोरड्या फडक्यानं टिपून उबेत ठेवा. प्रत्येक पाजण्यानंतर हे झालं पाहिजे, कारण मांजरं खाल्ल्यावरच अंग चाटायला बसतात आणि पिल्लालाही तीच वेळ लागू द्यायची असते.

शी-शू आपोआप होईल असं धरून चालणं

पहिले तीन आठवडे ती आपोआप होत नाही. आई चाटते तेव्हाच होते. पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट ओल्या फडक्यानं शेपटीखाली हलके हलके चोळायचं, होईपर्यंत. नंतर ती जागा पुसून कोरडी करायची. इथे घरातला कापूस वापरू नका. त्याचे तंतू ओल्या अंगाला चिकटतात आणि पिल्लू चाटायला लागलं की पोटात जातात. त्याच कारणानं पिल्लाचा बिछानाही कापसात घालू नये. शेतातल्या कापसावर फवारणी झालेली असते, हे वेगळं सांगायला नको. जुनी सुती चादर पुरते.

गाईचं दूध

शेपटीखालची चिकट घाण पुष्कळदा दुधामुळेच असते. गाईच्या दुधातली साखर पिल्लाला पचत नाही, हगवण लागते, आणि मग कितीही पुसलं तरी अंग स्वच्छ राहत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनंही गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, म्हणजे त्या दुधावर पोषणही पुरत नाही. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मिळते. नसेल तर दुकानदाराला मागवायला सांगा. ती येईपर्यंत शेळीचं दूध एखाद-दुसऱ्या वेळेची नड भागवेल. पाजताना पिल्लू पालथं असावं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनळीत जातं. वजन रोज काट्यावर पाहा. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ दिसली पाहिजे.

हनुवटीवर आणि छातीवर सांडलेलं दूध तिथल्या तिथे टिपा. वाळलं की खपली होते, खालची कातडी सोलवटते, केस झडतात. मग तिथे दुखतं म्हणून पिल्लू ती जागा चाटत नाही, आणि आपण म्हणतो त्याला चाटताच येत नाही.

पिसवांवर हाती लागेल ती पावडर टाकणं

धान्याला लावायची पावडर, गोठ्यातलं गोचिडाचं औषध, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब, यातलं काहीही पिल्लाला लावू नका. कुत्र्याच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं; ते मांजराच्या शरीराला बाहेर टाकता येत नाही, झटके येऊन मांजर मरतं. फिनाइलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरही सोडू नका, पाय चाटले की ते पोटात जाणार. हळद, खोबरेल, निंबाचं तेल लावण्याचीही गरज नाही. पिसवा बारीक दातांच्या फणीनं काढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झालंय असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवरून पिल्लू फिरून आलं तर ते पंजे चाटायच्या आत तुम्ही पुसा. डोळ्यांत आणि तोंडात तिखट गेलं की त्याचे हाल होतात. हिवाळ्यात भरताचा बेत झाला तर तेला-लसणाचे हात नीट धुऊन मगच पिल्लाला उचला. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. अंगाला ऑइल किंवा ग्रीस लागलं तर मात्र तेवढाच भाग भांड्यांच्या सौम्य साबणानं कोमट पाण्यात धुवावा आणि लगेच कोरडा करावा.

चाटायला लागलं तरी आपणच पुसत राहणं

सुरुवात अगदी वेडीवाकडी असते. पिल्लू पुढचा पंजा उचलतं, तोल जातो, कलंडतं, पुन्हा बसतं. जीभ कधी पंजाला लागते, कधी नुसतीच हवेत फिरते. त्या वेळी फडकं घेऊन धावू नका, त्याला बसू द्या. अजून सुरुवातच नसेल तर पाजून झाल्यावर त्याच्याच दुधाचा एक थेंब पुढच्या पंजावर लावा. ते चाटेल, आणि पुढे त्याच पंजाने तोंड पुसायला लागेल. गूळपाणी, तूप असलं काही लावू नका. मग फडकं फक्त त्याची जीभ न पोचणाऱ्या जागांपुरतं ठेवा: हनुवटीखाली, मानेमागे, शेपटीखाली.

दोन पिल्लं असतील तर वेगळी करू नका, ती एकमेकांना चाटतात. घरात दुसरं मांजर असेल तर मात्र पिल्लू आधी दोन आठवडे वेगळं ठेवा, आणि डॉक्टरांनी पिल्लाला तपासल्यावरच दोघांना जवळ येऊ द्या.

सहा-सात आठवड्यांचं पिल्लू चाटत नसेल, केस उभे आणि रुक्ष दिसत असतील, लाळ गळत असेल, तर सवयीचा प्रश्न नाही, तोंडात जखम किंवा ताप असू शकतो. एकच जागा चाटून केस उडाले असतील किंवा गोल चट्टे पडले असतील तर तेही दाखवा. गजकर्ण असेल तर ते घरातल्या पोरांनाही लागतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाल तेव्हा जंताचं औषध विचारा, ते दोन आठवड्यांच्या वयापासून देता येतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत घ्यायची असते, तिची तारीखही त्याच वेळी लिहून घ्या.