फायरप्लेसला गिलावा करताय? आधी पुठ्ठा आणा

सगळ्यात आधी पुठ्ठा. किराणा दुकानातून बिस्किटांचं किंवा साबणाचं रिकामं खोकं मागून आणा आणि मिस्त्रींच्या घमेल्याशेजारी ठेवा. चुना, वाळू, माणसं, दिवस हे नंतर ठरवता येतं. लोखंड आणि गिलावा यांच्यात फट राखायला लागणारा पुठ्ठा मात्र गिलावा चढायच्या आत जागेवर लागतो, नंतर तो घालायची सोय नाही.

इतकं निक्षून सांगते आहे, कारण मागच्या हिवाळ्यात मी नेमकं हेच विसरले. पाचगणीतल्या आमच्या जुन्या घरात विटांची फायरप्लेस आहे. उघड्या जाळाची बरीचशी ऊब धुराड्यातून निघून जाते, म्हणून तिच्या पोटात लोखंडी शेगडी बसवली, पाईप धुराड्यात सोडला आणि भोवतीच्या विटांना नवा गिलावा करून घेतला. दोन पानी यादी केली होती. वाळू कुठली, चाळणी कुठली, गोणपाटं किती, सगळं लिहिलेलं. जानेवारीत, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर हिमकण पडल्याच्या बातम्या येत होत्या त्या आठवड्यात, शेगडी पहिल्यांदा पुरती पेटवली. तिसऱ्या रात्री टक्‌ असा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर तोंडाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेलेल्या, आणि पाईपभोवतीचं गोल कडं फुटून तिथून धुराचा वास येत होता. आठवड्याभरात ताटाएवढा पोपडा खाली पडला. सासूबाई रोज तिथंच शेकत बसायच्या. त्या वेळी त्या आतल्या खोलीत होत्या, एवढंच.

भेगा पडण्याचं कारण साधं होतं. लोखंड तापलं की वाढतं, आणि त्याला वाढायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. मीटरभर पोलादी पाईप 250 अंशांनी तापला तर सुमारे 3 मिलीमीटर लांबतो. तोंडावर विटा पेलणारा अडीच फुटी अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, 200 अंशांनी तापला तरी जवळजवळ 2 मिलीमीटर वाढतो. वीट साधारण त्याच्या निम्म्यानंच वाढते. मधे गिलावा दोघांना घट्ट चिकटलेला असेल तर तो फुटणार. चुन्याचा असो की सिमेंटचा, कितीही चांगल्या हातचा असो.

मिस्त्रींचा यात दोष नाही. माणूस चांगला, हात सफाईदार. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "वहिनी, बघा, एक फट ठेवली नाही कुठं." फट न ठेवणं हीच गवंड्याची आयुष्यभराची शिस्त असते. म्हणून तुम्ही तोंडानं सांगितल्याशिवाय कुणीही गवंडी लोखंडाभोवती मोकळी जागा सोडणार नाही, उलट आपुलकीनं ती भरून देईल. काम सुरू व्हायच्या दिवशी सकाळीच सांगा, आणि नुसतं सांगू नका, पुठ्ठा स्वतःच्या हातानं लावून ठेवा.

लावायचा कुठं? अँगलच्या दोन्ही टोकांना, जिथं तो भिंतीत शिरतो. अँगलच्या खालच्या कडेला. धुराड्याचं तोंड बंद करणारा पत्रा असेल तर त्याच्या चारी कडांना. पाईपभोवती पूर्ण गोल. तोंडाला लोखंडी चौकट असेल तर तिच्यामागं. जिथं लोखंड आणि गिलावा एकमेकांना भेटणार तिथं पुठ्ठा. खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन थर घेतले की 6 मिलीमीटरच्या आसपास जाडी होते, ती पुरते. मात्र तो तसाच कोरडा लावू नका. ओल्या चुन्यानं पुठ्ठा भिजतो, लगदा होतो आणि गिलाव्यातच अडकून बसतो. तपकिरी चिकटपट्टीनं सगळीकडून गुंडाळा किंवा धुतलेल्या दुधाच्या पिशव्या कापून त्यात बांधा. अँगलचा दर्शनी भाग गिलाव्यानं झाकायचा मोह सोडून द्या. मागच्या वेळी मीच म्हटलं होतं, लोखंड दिसायला नको. यंदा पुन्हा केलेला गिलावा विटेच्या खालच्या कडेला थांबवला आहे आणि अँगलला उष्णता सोसणारा काळा रंग दिला आहे. चांगला दिसतो.

आता दिवस कधी धरायचे ते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीच रडत असतात, तेव्हा चुन्याचं काम काढूच नये. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि भिंत पाण्यानं गच्च भरलेली असेल तर तो वायू आत शिरत नाही. दिवाळीच्या आगेमागे काम संपवा, म्हणजे कडाक्याच्या थंडीपर्यंत महिना-दीड महिना हातात राहतो. साताऱ्यात, सांगलीत थोडं मागंपुढं चालेल, डोंगरावर चालणार नाही.

त्याआधी छपरावर चढून धुराडं पाहून घ्या. घरटं, पानं, पडलेली वीट काढायची, आणि टोकापाशी पाणी मुरत असेल तर आधी ते बंद करायचं. वरून ओल येत असताना खाली गिलावा करणं म्हणजे पैसे पाण्यात.

विटा खरवडायचं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते उरकलं जातं. उरकू देऊ नका. इतक्या वर्षांच्या धुरानं विटांच्या पृष्ठभागावर काजळी आणि डांबरासारखा चिकट थर बसलेला असतो, त्यावर कुठलाच गिलावा धरत नाही. शिवाय विटेत मुरलेला हा चिकटा आणि धुरातले क्षार पावसाळ्याच्या दमट हवेत ओल ओढून घेतात आणि नव्या पांढऱ्या गिलाव्यातून चहासारखे तपकिरी डाग बाहेर काढतात. हे डाग रंगाखाली दबत नाहीत, मी तीन हात देऊन पाहिले. तारेच्या ब्रशनं आधी कोरडंच घासा. पाणी ओतून धुवायला गेलात तर काजळी आणखी आत जाते. विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, अर्धा इंच खोल खरवडून काढा, म्हणजे गिलाव्याला पकडायला जागा मिळते. छन्नीनं ठोकल्यावर जी वीट भुसभुशीत लागेल ती बदला, आणि जी फारच काळी आणि तेलकट असेल तीसुद्धा बदला. वाईच्या बाजूची साधी भट्टीची लाल वीट चालते. नाकातोंडाला फडकं हवंच, आणि खोलीतलं सामान आधी हलवा. काजळी गादीवर बसली की निघत नाही.

शेगडी असेल तर आग लोखंडी पेटीत राहते, गिलाव्याला ज्वाळा लागत नाही. उघडा जाळ ठेवणार असाल तर पोटाच्या आतल्या बाजूला गिलावा करूच नका. तिथं फायर ब्रिक आणि फायर क्ले, म्हणजे आग सोसणारी वीट आणि माती. फाउंड्रीला माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतात, सांगली-कोल्हापूरकडे शोधायला त्रास नाही. सिरॅमिक फायबरची दोरी तिथूनच घ्या, पाईपभोवतीची फट भरायला ती लागते. ॲस्बेस्टॉसची दोरी स्वस्तात पुढं करतील, ती घेऊ नका. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात.

पीओपी नको. तो तयारच होतो जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजून, त्यातलं पाणी घालवून. पाणी मिसळून तुम्ही तो भिंतीवर घट्ट केलात आणि शेजारी शेगडी पेटवलीत की तेच पाणी पुन्हा निघून जातं आणि हाताला भुकटी लागते. वॉल पुट्टी नको. नुसता सिमेंट-वाळूचा कडक गिलावाही नको. तो ताठ असतो, खालची वीट तापून निवून हलते आणि हा तिच्याबरोबर हलत नाही, मग थापी मारली की पोकळ वाजायला लागतो. चुना थोडा लवचिक असतो, म्हणून चुना.

प्रमाण आम्ही 1 भाग भिजवलेला चुना, 1 भाग सुरखी आणि 2 भाग वाळू असं धरलं. सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची बारीक पूड. तिच्यामुळं चुना ओलाव्यातसुद्धा आवळतो, नुसत्या हवेवर अवलंबून राहत नाही. वाळू धुतलेली, चाळलेली, मुठीत दाबली तर हाताला माती न लागणारी. एक इंचाचे ताग कापून थोडे मिसळले, बारीक भेगा कमी होतात. जुने लोक चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. हिरडा आमच्या जंगलातलाच, पण त्याचं प्रमाण जाणणारा माणूस भेटला नाही तर त्या वाटेला जाऊ नका. शेजारच्या भिंतीचा जांभा आणि फायरप्लेसची वीट जिथं मिळतात तिथं मात्र शेगडीपासून लांबच्या भागात जाळी मारून घ्या, दोन्ही वेगवेगळ्या चालीनं पाणी पितात.

चुना घरी विझवणार असाल तर नीट वाचा. कळीचा, म्हणजे अजून न विझवलेला, चुना पाण्यात पडला की उकळतो. अंगावर उडाला तर भाजतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. मुलांना त्या दिवशी मामाकडे धाडा. विझवलेला चुना किमान 15 दिवस पाण्याखाली मुरू द्या. न विझलेला एखादा खडा आत राहिला तर तो भिंतीवर गेल्यावर फुगतो आणि तिथं टवका उडतो. एवढी यातायात नको असेल तर मुरलेला चुना तयार मिळतो तिथून आणा, त्यात कमीपणा नाही.

थापी, रंधा, ओळंबा, पट्टी, घमेली, मिस्त्रींकडे असतात. तुम्ही पुठ्ठा बघा. लावलात? दोन थर? चिकटपट्टी?

आदल्या संध्याकाळी विटा भिजवा आणि सकाळी पुन्हा पाणी शिंपडा. वीट पाणी ओढायची थांबली पाहिजे, पण वर चकाकी दिसता कामा नये. कोरडी वीट चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि गिलावा आवळण्याआधीच वाळतो. पहिला हात 10 ते 12 मिलीमीटर, त्यावर ओरखडे काढून ठेवायचे. तो घट्ट झाला की दुसरा हात 5-6 मिलीमीटर. एकाच हातात सगळी जाडी चढवून मोकळं व्हायची घाई कुणी केली तर थांबवा. दोन्ही हातांच्या मधे पुठ्ठे जागेवर आहेत का ते स्वतः वाकून पाहा. दुसऱ्या हाताच्या वेळी मिस्त्रींच्या मदतनीसानं एक पुठ्ठा "मधे येतोय" म्हणून उपटून ठेवला होता. मी पाहिलं म्हणून वाचलं, नाहीतर याही वर्षी तेच.

रंधा झाल्यावर गोणपाटं ओली करून बांधा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी. उन्हाचा झोत येत असेल तर खिडकीला चादर. घाईनं सुकवायला हीटर किंवा शेगडी अजिबात लावायची नाही.

पुठ्ठे काढायचे गिलावा घट्ट झाल्यावर पण टणक व्हायच्या आत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कडेनं अलगद पट्टी फिरवून. घातले किती ते लिहून ठेवा, तेवढे निघालेच पाहिजेत. आत राहिलेला पुठ्ठा अँगलशेजारी करपतो. मग फटींत दोरी दाबून भरा. पाईपभोवतीची फट उघडी ठेवायची नसते, तिथून धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. दोरी दबते, लोखंडाला वाढू देते आणि धूर अडवते. त्या वायूची सूचना देणारं यंत्र घरात लावा, आणि शेगडी चालू असताना खिडकी थोडी उघडी.

रंग प्लास्टिकचा नको, चुन्याची सफेदी. लाकडी फळी, पडदा, टोपलीतली लाकडं लांब. शेगडीसोबत आलेल्या कागदावर अंतरं दिलेली असतात, ती पाळा.

पेटवायची चार आठवड्यांनंतर. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. असं आठवडाभर. वाळलेलंच लाकूड. आम्ही परवा सातव्या दिवशी पहिला ओंडका घातला. नऊ पुठ्ठे लावले होते, नऊ काढलेले मोजून कोनाड्यात ठेवले आहेत, धाकट्या दिरांच्या भिलारच्या घरी पुढच्या महिन्यात हेच काम निघणार आहे.