नागपूरच्या आडवाटांवरची वाहने कशी पाहावीत

वेगळी वाहने पाहायची असतील, तर महामार्ग सोडून काटोल, कळमेश्वर किंवा सावनेरकडील गावरस्ते धरावेत आणि वेळ पिकांच्या हंगामावरून ठरवावी. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला वेग येतो. तेव्हा जिनिंगकडे (सरकी काढण्याच्या कारखान्याकडे) निघालेल्या, कापसाने दोन्ही अंगांनी फुगलेल्या गाड्यांमागे पुरेसे अंतर ठेवावे, कारण त्यांच्या चालकाला मागचे दिसत नाही. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात; संत्र्यांच्या गाड्या तेव्हा पाहाव्यात. बैलगाडीजवळ हॉर्न मुळीच वाजवू नये, बैल बुजतात. सर्वांत सुंदर वाहन मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला दिसते: चाके लावलेला, सजवलेला लाकडी बैल, जो मुले दोरीने ओढत घरोघरी नेतात. छायाचित्रासाठी आधी आपली गाडी रस्त्यावरून बाजूला पूर्ण उतरवावी आणि पालकांची परवानगी घ्यावी.