माला-एन सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्यावा

उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मिळणाऱ्या माला-एन या गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक असल्याने रक्तात गुठळी होऊन पक्षाघात होण्याची शक्यता किंचित वाढते. निरोगी तरुण स्त्रीत ती फारच कमी असते. परंतु रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असल्यास, अर्धशिशीपूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसत असल्यास, अथवा ३५ वर्षांनंतर विडीची सवय असल्यास, ही गोळी न घेता डॉक्टरांना तांबीविषयी किंवा संप्रेरकविरहित छाया गोळीविषयी विचारावे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असल्यास (आमच्याकडे तो घरोघरी असतो, पण बाया सांगत नाहीत) तेही सांगावे. गोळी चालू असताना तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर रोवणीचा थकवा समजून घरी निजवून न ठेवता लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.